स्वार तोच, घोडा नवा : गॅरी किल्डॉल यांची कहाणी

बदलापूर या नावाची उपपत्ती सांगताना जुनी मंडळी एक आख्यायिका हमखास सांगतात. सुरतेच्या वाटेने येणारे-जाणारे घोडेस्वार या ठिकाणी थांबत, थकलेले घोडे येथेच सोडून ताज्या दमाचे घोडे घेत आणि पुढच्या मजलेला निघत. घोडे बदलण्याचे गाव म्हणून ते बदलापूर. आख्यायिकेचे ऐतिहासिक मोल काहीही असो, तिच्यातील व्यवहार समजण्यास सोपा आहे. घोडा बदलतो, स्वार तोच राहतो. मात्र त्यासाठी प्रत्येक घोड्याच्या पाठीवर त्याच्या मापाचे खोगीर हवे आणि त्या खोगिराच्या रिकिबी अशा हव्यात, की स्वाराला घोडदौड नव्याने शिकावी लागू नये.

संगणकाच्या दुनियेत असे खोगीर प्रथम शिवणाऱ्या माणसाचे नाव गॅरी किल्डॉल. आज त्यांचे नाव फारसे कोणाच्या ओठी नाही. पण त्यांनी रूढ केलेला एक शब्द उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील संगणक दुरुस्तीच्या दुकानांत दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जातो. तो शब्द म्हणजे बायोस.

या शब्दाची गाठ सामान्य ग्राहकाशी पडते ती बहुधा अडचणीच्या वेळी. एखाद्या लहान कारखान्यात पत्रा कापण्याच्या किंवा मोजमाप घेण्याच्या यंत्राला जोडलेला संगणक बंद पडतो. यंत्र ठणठणीत असते. पण त्याचे सॉफ्टवेअर विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हनवरच चालणारे असते आणि नवे यंत्र घेण्याची ऐपत नसते. डीटीपीचे काम करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडे पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि हँडबिले जुन्या मराठी फाँटमध्ये आणि पेजमेकरच्या फायलींत साठवलेली असतात. असा ग्राहक नवाकोरा लॅपटॉप घेऊन दुकानात येतो आणि यावर जुनीच विंडोज टाकून द्या, अशी मागणी करतो. मागणी वावगी वाटत नाही. नवा लॅपटॉप अधिक वेगवान आहे, मग जुनी, हलकी ऑपरेटिंग सिस्टीम त्यावर अधिकच सुरळीत चालायला हवी, असा त्याचा साधा हिशेब असतो.

प्रत्यक्षात तसे घडत नाही. पेनड्राइव्ह लावून प्रक्रिया सुरू केली, की कधी कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मुके होतात, कधी हार्डडिस्कच सापडत नाही, कधी निळा पडदा येतो, तर कधी विंडोजचे चिन्ह पडद्यावर उमटते आणि तेथेच थबकते. तासभर खटपट करून दुकानातील मुलगा हात टेकतो. या अपयशाचे मूळ समजून घ्यायचे, तर किल्डॉल यांच्या आयुष्याकडे वळावे लागते.

नाविकांच्या शाळेतून संगणकाकडे

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल या बंदराच्या शहरात झाला. त्यांच्या कुटुंबाची नौकानयन शिकविणारी शाळा होती आणि तरुणपणी गॅरी यांनी तेथे शिकविण्याचे कामही केले. गणिताचे शिक्षक व्हावे, या इच्छेने ते वॉशिंग्टन विद्यापीठात दाखल झाले. पण तेथे संगणकाशी गाठ पडली आणि आयुष्याची दिशा बदलली. १९६७ मध्ये पदवी, पुढच्याच वर्षी पदव्युत्तर पदवी आणि १९७२ मध्ये संगणकशास्त्रातील डॉक्टरेट असा त्यांचा शैक्षणिक प्रवास झाला. शाळेपासूनची मैत्रीण डोरोथी मॅकएवेन यांच्याशी त्यांचा विवाह विद्यार्थिदशेतच झाला होता.

व्हिएतनाम युद्धाचा तो काळ. लष्करी सेवेचे दायित्व किल्डॉल यांना टळणारे नव्हते. ते त्यांनी कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करून पूर्ण केले आणि पुढेही ते तेथेच शिकवीत राहिले. इंटेल कंपनीने १९७१ च्या अखेरीस ४००४ हा आपला पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला होता. नखाएवढ्या त्या चिपने किल्डॉल यांना भुरळ घातली. चिपभोवती पूर्ण संगणक उभारणे खर्चाचे होते. त्यावर त्यांनी तोड काढली. विद्यालयातील मोठ्या संगणकावर त्यांनी असा प्रोग्राम लिहिला, की तो मोठा संगणक त्या इवल्याशा चिपचे हुबेहूब सोंग घेई. प्रत्यक्ष यंत्र हाती नसतानाही त्या यंत्रासाठीचे काम करता येऊ लागले. या सोंगाची आठवण वाचकांनी ठेवावी. लेखाच्या अखेरीस तिचे काम पडणार आहे.

या कामामुळे इंटेलची दारे उघडली. सुट्टीच्या दिवशी ते कंपनीत सल्लागार म्हणून जाऊ लागले आणि १९७३ च्या सुमारास त्यांनी पीएल/एम ही मायक्रोप्रोसेसरसाठीची पहिली उच्चस्तरीय भाषा तयार केली. त्याच वर्षी कंपायलरच्या क्षेत्रात त्यांनी प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आजही संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात आदराने शिकविला जातो. ते केवळ हुन्नरी कारागीर नव्हते, तर पक्के विद्वान होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

सतरा कामांची यादी

त्या काळी फ्लॉपी डिस्क ही नवलाईची वस्तू होती. किल्डॉल यांनी आठ इंची फ्लॉपी ड्राइव्ह मिळविला, पण तो चिपशी जोडणारे सर्किट त्यांना जमेना. वॉशिंग्टन विद्यापीठातील त्यांचे मित्र जॉन टोरोडे यांनी ते करून दिले. १९७४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्ह या समुद्रकाठच्या गावी, घरामागील अवजारांच्या खोलीत, किल्डॉल यांनी लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम प्रथमच चालू झाली. तिचे नाव सीपी/एम. फ्लॉपीवरील फायली लिहिणे, वाचणे, शोधणे ही कामे ती करी. इंटेलला पीएल/एम हवी होती. या सिस्टीममध्ये मात्र तिला रस वाटला नाही. तेव्हा गॅरी आणि डोरोथी यांनी स्वतःची कंपनी काढली आणि तिला इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च असे थट्टेखोर नाव दिले. पुढे त्यातील पहिला शब्द गळाला. व्यवसायाची बाजू डोरोथी पाहत असत.

पहिली अडचण लवकरच उभी राहिली. त्या दिवसांत प्रत्येक कंपनीचा संगणक वेगळा असे. कोणाचा डिस्क ड्राइव्ह निराळा, कोणाचा पडदा निराळा, तर कोणाच्या तारांची जोडणी निराळी. नवा ग्राहक आला, की सीपी/एम पुन्हा आतून उसवायची आणि नव्या यंत्राबरहुकूम शिवायची. इम्साई या संगणक कंपनीने आपल्या यंत्रासाठी सीपी/एम मागितली, तेव्हा किल्डॉल या वारंवार उसवण्याला कंटाळले होते. त्यांनी सिस्टीमचे दोन भाग केले. फायली सांभाळणारा मोठा भाग एकीकडे काढला. त्याला यंत्राची काहीही माहिती नसे. यंत्राशी थेट बोलणारा छोटा भाग दुसरीकडे काढला आणि त्याला बेसिक इनपुट-आउटपुट सिस्टीम, म्हणजेच बायोस, हे नाव दिले.

या छोट्या भागाची कामे ठरवून दिलेली होती. दाबलेली कळ कोणती ते सांगणे, पडद्यावर एक अक्षर उमटविणे, डिस्कच्या अमुक कप्प्यातील मजकूर आणून देणे किंवा तेथे ठेवणे, अशी ती मोजकी कामे. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत त्यांची संख्या अवघी सतरा होती. नव्या संगणकाच्या निर्मात्याने ही सतरा कामे आपल्या यंत्राला साजेशी लिहून दिली, की उरलेली सर्व सिस्टीम आणि तिच्यावर चालणारे सर्व प्रोग्राम एकाही अक्षराचा बदल न करता त्या यंत्रावर चालू लागत. खोगीर घोड्याच्या मापाचे, रिकिबी मात्र स्वाराच्या ओळखीच्या.

याचा परिणाम फार मोठा झाला. १९८१ च्या सुमारास सीपी/एम तीन हजारांहून कमी नाही इतक्या वेगवेगळ्या प्रकारच्या संगणकांवर चालत होती. सॉफ्टवेअर हा स्वतंत्र धंदा होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध झाले, कारण एकदा लिहिलेला प्रोग्राम आता सर्वांना विकता येत होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली निघालेल्या कॉम्प्युटर क्लासमधून शिकविल्या गेलेल्या वर्डस्टार आणि डीबेस यांचा जन्म सीपी/एमवरच झाला. डिस्कला अक्षराने ओळखण्याची पद्धत वैयक्तिक संगणकांत रूढ झाली तीही सीपी/एममुळे. आपण आजही सी ड्राइव्ह म्हणतो, त्यामागे हीच परंपरा आहे.

आयबीएमचे दार

किल्डॉल यांच्या आयुष्यातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग १९८० मधील आहे. बलाढ्य आयबीएम कंपनी गुप्तपणे आपला वैयक्तिक संगणक तयार करीत होती. ऑपरेटिंग सिस्टीमच्या शोधात तिचे प्रतिनिधी प्रथम मायक्रोसॉफ्टकडे गेले आणि बिल गेट्स यांनी त्यांना किल्डॉल यांच्याकडे पाठविले. प्रतिनिधी पॅसिफिक ग्रोव्हला आले त्या सकाळी किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन ओकलंडच्या बाजूला एका जुन्या ग्राहकाकडे आधीच ठरलेल्या कामासाठी गेले होते. व्यापारी बोलणी नेहमीप्रमाणे डोरोथी यांच्याकडे होती. आयबीएमने गोपनीयतेचा करार पुढे केला. त्याच्या अटी एकतर्फी होत्या आणि कंपनीच्या वकिलाचा सल्ला घेऊन डोरोथी यांनी सही करण्यास नकार दिला. दुपारी परतल्यावर किल्डॉल बैठकीत सहभागी झाले की नाही, याबाबत उपस्थितांच्या साक्षी जुळत नाहीत. बोलणी मात्र फिसकटली, हे खरे.

पुढे लोकांनी या घटनेची चटकदार दंतकथा केली. आयबीएम दारात उभी असताना हा गृहस्थ आकाशात मौजेखातर विमान उडवीत होता, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. ही कथा किल्डॉल यांना अखेरपर्यंत सलत राहिली.

आयबीएम पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे गेली. सिएटलमधील एका लहान कंपनीत टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने सीपी/एमच्या धर्तीवर इंटेलच्या नव्या चिपसाठी एक सिस्टीम लिहिली होती. मायक्रोसॉफ्टने आधी तिचा परवाना घेतला आणि पुढे सर्व हक्कच विकत घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा पीसी बाजारात आला तो हीच सिस्टीम घेऊन. आपल्या सिस्टीमशी तिचे साम्य पाहून किल्डॉल यांनी हरकत घेतली. सॉफ्टवेअरवरील स्वामित्वहक्काचा कायदा तेव्हा नुकताच आकार घेत होता. न्यायालयाची पायरी चढण्याऐवजी त्यांनी तडजोड स्वीकारली. आयबीएमने सीपी/एमची नवी आवृत्तीही सोबत विकावी, असे ठरले. दुकानात दोन्ही सिस्टीम आल्या तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या सिस्टीमची किंमत होती ४० डॉलर आणि किल्डॉल यांच्या सिस्टीमची २४० डॉलर. ग्राहकांनी काय निवडले असेल, हे सांगण्याची गरज नाही.

यातील दैवगती विलक्षण आहे. आयबीएमने आपल्या पीसीत यंत्राशी बोलणारा भाग एका चिपमध्ये बसविला आणि त्याला नाव दिले बायोस. पुढे कॉम्पॅक आणि फीनिक्ससारख्या कंपन्यांनी त्या बायोसची कामे जशीच्या तशी करणारा, पण स्वतंत्रपणे लिहिलेला बायोस तयार केला आणि आयबीएमसारखेच चालणारे संगणक साऱ्या जगात पसरले. किल्डॉल यांच्या युक्तीने ऑपरेटिंग सिस्टीम यंत्रापासून मोकळी झाली होती; त्याच मोकळिकीचा सर्वाधिक लाभ त्यांच्या प्रतिस्पर्ध्याच्या सिस्टीमला मिळाला.

उतरणीची वर्षे

किल्डॉल यांचे काम येथे थांबले नाही. एका वेळी अनेक कामे करणारी सिस्टीम, माऊसने चालणारा जेम हा चित्रमय पडदा, १९८८ मधील डीआर-डॉस अशी उत्पादने त्यांच्या कंपनीने काढली. सीडी-रॉमवर ज्ञानकोश बसविण्याची कल्पना त्यांनी वेळेपूर्वी ओळखली आणि १९८५ मध्ये ग्रोलियर ज्ञानकोश त्यांच्या दुसऱ्या कंपनीच्या प्रयत्नांतून सीडीवर आला. अमेरिकेच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर द कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या कार्यक्रमाचे सहनिवेदक म्हणून ते १९९० पर्यंत झळकत राहिले. दुसऱ्याच्या यंत्राचे कौतुक करताना त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षकाचे कुतूहल दिसे.

पैशाची ददात त्यांना कधी नव्हती. विमाने, मोटारी, बोटी हे शौक त्यांनी मनसोक्त पुरविले. पण घर मोडले. डोरोथी यांच्याशी घटस्फोट झाला आणि दुसरा विवाहही अखेरीस तुटला. १९९१ मध्ये डिजिटल रिसर्च ही कंपनी नोव्हेलने विकत घेतली. सर्वत्र गेट्स यांच्याशी होणारी तुलना त्यांना असह्य होत गेली आणि मद्याचा अंमल वाढत गेला. आपली बाजू मांडणारे आत्मकथन त्यांनी लिहिले, पण ते केवळ आप्तमित्रांपुरते राहिले. त्याचा काही भाग जगापुढे आला तो २०१६ मध्ये.

जुलै १९९४ मध्ये माँटेरे येथील एका बारमध्ये त्यांच्या डोक्याला इजा झाली. ती कशी झाली, याचा समाधानकारक उलगडा झाला नाही. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५२. सिएटलमध्ये त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांनी सीपी/एमचे पहिले प्रात्यक्षिक दाखविले त्या पॅसिफिक ग्रोव्हमध्ये अभियंत्यांच्या आयईईई या जागतिक संस्थेने स्मृतिफलक लावला तो वीस वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये.

खोगीर बदलले तेव्हा

आता पुन्हा आपल्या दुकानातील लॅपटॉपकडे वळू. तीन दशकांच्या वापरात जुना बायोस अपुरा पडू लागला होता. मोठ्या डिस्क त्याला पेलत नव्हत्या आणि सुरक्षिततेची सोय त्यात जवळपास नव्हती. इंटेलने त्याच्या जागी नवी रचना आणली. २००५ पासून ती यूईएफआय या नावाने अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंचाकडे आहे. संक्रमणाच्या काळात नव्या लॅपटॉपमध्ये जुन्या बायोसचे सोंग घेणारा एक भाग ठेवलेला असे. सेटिंगमध्ये लेगसी किंवा सीएसएम या नावाने तो दिसे. तोवर जुनी विंडोज बसविणे कष्टाचे होते, पण अशक्य नव्हते. हा भाग २०२० पर्यंत काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला आणि त्यानंतरच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमधून तो नाहीसा झाला.

म्हणजे घोडा नवा आला आणि खोगीरही नव्या पद्धतीचे आले. जुन्या स्वाराचा पाय ज्या रिकिबीत बसायचा ती रिकीबच उरली नाही. विंडोज एक्सपीला यूईएफआयची भाषा येत नाही. विंडोज सेव्हनला ती थोडीफार येते, पण पडदा उजळण्यासाठी तिला जुन्या बायोसची मदत लागते. म्हणून ती चिन्हावरच थबकते. शिवाय विंडोज सेव्हन तयार झाली तेव्हा आजचे यूएसबी ३ आणि एनव्हीएमई डिस्क तिच्या ओळखीचे नव्हते. म्हणून कीबोर्ड मुका होतो आणि डिस्क सापडत नाही. दोष दुकानातील मुलाचा नाही आणि ग्राहकाच्या नव्या लॅपटॉपचाही नाही.

यावर वाट आहे आणि ती किल्डॉल यांच्या पहिल्या युक्तीकडेच जाते. नव्या लॅपटॉपवर नवीच ऑपरेटिंग सिस्टीम राहू द्यावी आणि तिच्या आत व्हर्च्युअल मशीन तयार करावे. हे मशीन म्हणजे एका संगणकाने घेतलेले दुसऱ्या, जुन्या संगणकाचे सोंग. माँटेरेच्या विद्यालयात किल्डॉल यांनी मोठ्या संगणकाला चिपचे सोंग घ्यायला लावले होते, तोच हा प्रकार. या काल्पनिक यंत्रात जुना बायोसही असतो. जुन्या फाँटच्या फायली, हिशेबाचे जुने प्रोग्राम यांचे काम त्यावर निभावते. यंत्राला खास कार्डाने जोडलेला संगणक असेल, तर मात्र हा उपाय नेहमीच लागू पडत नाही. तेथे जुनाच संगणक दुरुस्त करून जपणे शहाणपणाचे. दोन्ही प्रकारांत एक पथ्य पाळायलाच हवे. विंडोज एक्सपीची सुरक्षा देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी संपली. त्यामुळे जुनी सिस्टीम इंटरनेटपासून दूर ठेवावी आणि तिच्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

उल्हासनगरकरांना हे तत्त्व परके नाही. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार थाटले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. भिंती एका कामासाठी बांधलेल्या, वस्ती दुसऱ्यांची. आणि जुने नाव अजूनही कॅम्प नंबरात जिवंत. बायोस या शब्दाचेही असेच झाले आहे. आतील रचना पूर्ण बदलली, तरी लॅपटॉप सुरू होताना एफ टू दाबणारा कारागीर आजही बायोसमध्ये जातो असेच म्हणतो. पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या शिक्षकाला तो नकळत रोज हाक मारीत असतो.